दादाच्या सर्व्हरवरचा माणूस

१४ जून, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती ऐकते कुणाचं? वहिनीला आणि पिल्लूला माझी आठवण सांग. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो, म्हणून लिहायला बसले.

परवा तू ओरडलास, "सख्ख्या भावाचा सर्व्हर तोडलास? लोक हसतायत मला!" हो, माझ्या सर्व्हरपासून तोडला. तुझ्याकडची हजारभर माणसं आणि माझ्याकडची मूठभर एका दुपारी एकमेकांना दिसेनाशी झाली. आत्याचे फुलांचे फोटो यायचे बंद झाले, म्हणून आईसुद्धा माझ्यावर फुगून बसली आहे.

पण मी दुसरं काय करणार होते? आपल्यासारख्यांचे छोटे छोटे सर्व्हर जोडून झालेल्या या जाळ्याला वर कुणी मालक नाही, हे तूच मला शिकवलंस. ज्याचा सर्व्हर, त्याचे नियम. तुझ्याकडच्या माणसाला हाकलायचं तर तूच हाकलायचंस. मी फार तर त्याला माझ्या लोकांपासून लपवणार. त्या फोटोवाल्या माणसाबाबत तेही करून पाहिलं. एक खातं लपवलं की तो तुझ्याकडेच नवं नाव घेऊन हजर! मी तक्रारीमागून तक्रार पाठवली. तुझं उत्तर काय, तर "शिवी नाही, धमकी नाही. नुसता फोटो टाकलाय. कशाच्या आधारावर काढू?"

फोटो नुसता नव्हता, दादा. माझ्या सर्व्हरवरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी नव्या दवाखान्याच्या खिडकीतून दिसणारी गल्ली टाकली होती. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई, पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होती. नवऱ्याने तोच फोटो तुझ्याकडे टाकून विचारलं, "ओळखा पाहू, ही जागा कुठली?" आणि लोकांनी कोडं सोडवावं तशा उत्साहाने उत्तरं दिली.

मंगळवारी तो दवाखान्यात घुसला. गल्ली माझ्या घरामागचीच. आरडाओरडा ऐकून मी धावले. बाईंच्या कपाळाला टाके पडलेत. दाराच्या फटीत माझा उजवा हात सापडला. हे डाव्या हाताने लिहितेय. आईला सांगितलंय, जिन्यावरून पडले. तूही तेच सांग.

संध्याकाळी तू घाबरून त्याची सगळी खाती उडवलीस आणि मला कळवलंस, "काढलं बघ, आता जोड परत." पोलिसांना तो सांगतोय, "मी सहज त्या रस्त्याने चाललो होतो." तो तिला शोधत होता हे दाखवायला आता काही उरलेलं नाही. तुझ्याकडचं तू उडवलंस. माझ्याकडे आलेल्या प्रती, मी तुझा सर्व्हर तोडला तेव्हा आपोआप पुसल्या गेल्या. हा माझाही मूर्खपणा. पण उडवलेलं खातं तुझ्या यंत्रात महिनाभर पडून असतं, मग कायमचं जातं. ते पोलिसांना दे.

बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला त्रास नको. मी दुसरं गाव बघते." त्या माझ्या पलंगावर झोपतात, बाहेर कुणी खाकरलं तरी उठून बसतात. त्यांनी का जायचं?

आता जे लिहायचं टाळत आले, ते लिहिते. त्या फोटोखालचं पहिलं उत्तर मी वाचलं होतं. "ही तर माझ्या बहिणीच्या घरामागची गल्ली!" पुढे हसरा चेहरा. तुला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माझी पहिली तक्रार आली तेव्हा ठाऊक झालं होतं ना? फोटो काढला तर स्वतःची चूक कबूल करावी लागेल, म्हणूनच का रे नियम दाखवत बसलास?

तू जे देशील त्यात ते उत्तरही असेल. लोक बोलतील, कदाचित सर्व्हरही बंद करावा लागेल. मला वाईट वाटेल, तरीही मागतेय. तू दिलं नाहीस, तर बुधवारी जबाब देताना मी काय वाचलं ते मीच सांगणार आहे. तुझ्या तोंडून आधी गेलं, तर मला तुझी बहीण म्हणून तिथे उभं राहता येईल.

वाट पाहतेय, पण बुधवारपर्यंतच.

तुझीच,
छोटी