भिंत पडली, पण फोटो सरळ आहे

आदरणीय दाजी,

आधी नमस्कार, मग तब्येत, मग बाकीचं. क्रम मोडून लिहिणं मला जमत नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईने दिलेलं तेल गुडघ्याला लावता, की बाटली नुसतीच कपाटात उभी? आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. टीव्हीवर काहीही ऐकलं असलं, तरी हेच खरं धरावं.

ताईचा फोन आला होता. मला टीव्हीवर पाहून तुम्ही म्हणालात म्हणे, "हा तुझा भाऊ कुणाच्या स्वयंपाकघरात चढलाय?" प्रश्न रास्त आहे. फोनवर तुम्ही मध्येच हसता, म्हणून लिहून कळवतो.

आमच्या इमारतीची मागची भिंत पडली. (टीव्हीवर 'इमारत कोसळली' म्हणत होते. इमारत उभी आहे. भिंत पडली, तीही एकच, आणि वरच्या मजल्याची. शेजारच्या जागेत पायासाठी खणत होते, ते खणता खणता आमच्या मुळावर आले.) नशीब की दुपारी वर कुणी नव्हतं. वरच्या वहिनी कामावर होत्या. त्या लाँड्रीत कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच राहतात, आणि दार उघडलं तरी अशा उभ्या राहतात की आतलं काही दिसू नये. इतकी वर्षं त्यांच्या खाली राहून त्यांच्या स्वयंपाकघराचा रंग मला भिंत पडल्यावर कळला. फिका हिरवा.

आता तो साऱ्या देशाला कळला आहे. धूळ खाली बसायच्या आत टीव्हीवाले हजर! भिंत गेल्यामुळे मागच्या रस्त्यावरून सगळं दिसत होतं: दोरीवरचा पिवळा परकर, फळीवरचे डबे, ओट्यावर अर्धा चहा राहिलेला कप. त्या कपाभोवती त्यांनी लाल गोल काढला, गोल लुकलुकायला लागला, मागे रडकी पेटी, आणि खाली पट्टी: 'अर्धा राहिला चहा... मालकीण ढिगाऱ्याखाली?' (शेवटी प्रश्नचिन्ह ठोकलं की माणूस काहीही म्हणायला मोकळा.) मी माईकवाल्या मुलीला स्वच्छ सांगितलं, की मालकीण लाँड्रीत आहे आणि लाँड्री कोपऱ्यावर आहे. ती म्हणाली, "काका, ते नंतर घेऊ. आधी सांगा, तुम्हाला कसं वाटतंय?" मी म्हटलं, डाव्या कोपराला खरचटलंय, बाकी ठीक. "जरा भावनेने सांगा ना!" मी म्हटलं, डाव्या कोपराला फार खरचटलंय. (आणि काका कोणाला म्हणते? दादा म्हटलं असतं तर हिची जीभ झडली असती का?)

इथवर माझं काहीही चुकलं नव्हतं. मग कॅमेरा सरकला, आणि उरलेल्या भिंतीवर वहिनींच्या यजमानांचा फोटो दिसला, खिळ्याला तिरका लोंबकळणारा. दाजी, ती फ्रेम माझी. हा धंदा मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, लोकांनी टाकलेल्या तसबिरी उचकटून आणि पुन्हा जोडून शिकलो. माझी फ्रेम आजवर कुणाच्या भिंतीवर तिरकी लागलेली नाही, आणि आता देशभर तिरकी! हे मी मोठ्याने बोलून गेलो असेन, कारण मुलीने विचारलं, "तुम्ही केलीत? मग काका, तुम्ही वर जाऊन..." पुढचं मी ऐकलंच नाही. अग्निशमनवाला पाठमोरा होता, जिना शाबूत होता. माझ्या फ्रेमच्या दुकानातली लेव्हल घेतली (नळीत बुडबुडा असतो ती) आणि गेलो वर.

बुडबुडा मधोमध येईपर्यंत फ्रेम हलवली. खालून मुलगी किंचाळत होती, "जिवावर उदार शेजारी! पतीची शेवटची आठवण!" खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. फोटो नीट दिसावा म्हणून मी बाजूला झालो. परकर आड येत होता, तोही दोरीवर सरकवला. पुढे, रस्त्याच्या बाजूला.

तेवढ्यात खाली वहिनी दिसल्या. लाँड्रीतल्या टीव्हीवर स्वतःच्या मरणाची बातमी प्रश्नचिन्हासकट पाहून त्या धावत आल्या होत्या. मुलीने माईक पुढे केला, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वर बघून, आवाज न चढवता, मला म्हणाल्या, "भावजी, फोटो तिरका चालला असता हो. परकर काढायचात."

दाजी, बुडबुडा जागेवर होता, मीच कलंडलो. परकर काढला, घडी घातली. कप विसळला. आतल्या खोलीतली चादर आणून दोरीवर टाकली. खाली लगेच नवी पट्टी: 'शेजारी काय लपवतोय?' दिवसभरात त्यांनी सांगितलेलं तेवढंच खरं होतं. लपवतच होतो.

पण चादर वाऱ्याला ऐकत नाही. उडाली की खाली मोबाईल वर होतात. वहिनी सध्या आमच्याकडे आहेत. लाँड्रीत जात नाहीत, तिथे लोक 'त्या अर्ध्या कपवाल्या बाई' बघायला येतात. काल माझ्या बायकोला म्हणाल्या, "आयुष्यात एकदाच कप न विसळता गेले हो, आणि नेमका तोच!" त्या हसल्या म्हणून आम्ही हसलो, मग त्या रडल्या. इंजिनिअर पाहून गेला. खोली भक्कम आहे, राहायला हरकत नाही, फक्त उघडी आहे. भिंत कधी होईल ते कुणी सांगत नाही. घर सोडून भाचीकडे कायमचं जायचं त्यांच्या मनात आहे.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा
(ज्याला निदान तुमच्या घरात तरी कुणी काका म्हणू नये)

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तुमच्या तंबूच्या गोदामात जाड कनाती पडून असतात, त्यातली एक पाठवा. झालरीची नको, पट्ट्यापट्ट्यांची तर मुळीच नको, सर्कस आल्यासारखं वाटतं. फिकी हिरवी मिळाली तर उत्तम. पक्का आडोसा झाला तर भाचीकडे जाणार नाही, असं वहिनींनी कबूल केलं आहे.

आणखी ता. क. : बांधायला तुमचाच माणूस पाठवा. मला वर चढायची वहिनींनी बंदी केली आहे. मी रस्त्यावरून सरळ-तिरकं सांगेन.

शेवटचा ता. क. : ताईने तो टीव्हीवरचा तुकडा मोबाईलमध्ये घेतला असेल, तर आजच्या आज पुसायला लावा. कुणालाही पाठवायचा नाही, त्यात परकर दिसतो. फक्त पुसण्याआधी तुम्ही एकट्याने, परकराकडे न बघता, एकदा बघून कळवा: फोटो सरळच आहे ना? लेव्हलवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण बायको म्हणते डावी बाजू उतरली होती.