सायलीने सुरू केलेला कॉम्प्युटर

तुडील, मंगळवार संध्याकाळ

सावित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा कॉम्प्युटर माळ्यावर ठेवला होता. काल खाली उतरवला, तर सुरूच होईना. पडदा काळा आणि डब्यातून नुसतं टूं-टूं. वाडीतली मुलं माझ्याकडे टायपिंग शिकायला येतात, म्हणून आज दुपारपासून जीव खालीवर. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. तरी टूं-टूं.

"सायलीला फोन लाव गो," बाबा म्हणाले. "तिला कळंल. तुझ्यानं नाय व्हायचं."

सायली माझी धाकटी चुलत बहीण, मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पण ते आता कोण बोलतं?

व्हिडिओ कॉलवर ती हसतच म्हणाली, "ताई, डब्याचं झाकण उघड. रॅमची पट्टी हलली असणार. काढ, खोडरबराने पूस आणि दाबून बसव."

बसवली. खट्ट झालं. बटण दाबलं, पडदा उजळला. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तू होतीस म्हून झालं गो बाय."

हात माझे होते ना? आणि कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही असं मुलांना शिकवणाऱ्या मला एवढं लागावं?

मग मुलं आली. मी कॉम्प्युटर बंद केला, झाकण उघडून ती पट्टी दाखवली, टूं-टूं का वाजत होतं ते समजावलं.

"ताई, तुम्हाला कसं कळलं?" त्यांच्यातल्या प्राचीने विचारलं.

"शोधून काढलं," मी म्हटलं.

बाबा दारातच बसले होते. त्यांनी ऐकलं. 'सायलीनं सांगितलं' असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.