लिसिआते बरा झाला म्हणे

४ मार्च

लिसिआते बरा झाला म्हणे!

वन्संनी फोन नाकासमोर धरला. तेलाची जाहिरात. माझाच मुलगा — लाल शर्ट, पुढचा दात अर्धा तुटलेला. खाली लिहिलंय, या तेलाने त्याच्या हृदयाची झडप सुधारली, आता रोज रग्बी खेळतो. पाच महिने झाले त्याला पुरून! माझ्या कमरेला गुंडाळलेली सुतकाची चटई अजून सुटलेली नाही.

हा फोटो तो गेला तेव्हा मीच फेसबुकवर टाकला होता. तिथूनच उचलला असणार.

"त्याच्यासारखा दिसणारा कुणी असेल," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही त्याच्या आत्या, वन्सं! ओळखत नाही?"

"आत्या आहे ना? मग मी सांगते ते ऐक."

टोंगात आत्यापुढे कोण बोलणार?

५ मार्च

फेसबुकवर तक्रार केली. उत्तर — 'नियमभंग आढळला नाही.'

९ मार्च

आता तो बोलतो. फोटो हलता केलाय. मान वळवतो, हसतो, इंग्रजीत म्हणतो, आई, मी बरा आहे.

लिसिआतेला इंग्रजीत दोन वाक्यं धड येत नव्हती. आवाजही त्याचा नाही. सगळं खोटं, मला कळतं. पण हसताना गालाला खळी पडते, ती कुठून आणली त्यांनी? फोटोत तर नाही!

चुलीवरचे अळूचे कंद करपले.

१४ मार्च

वन्संनी मेलेनाइतेचं पेनिसिलिन चुकवलं. त्यांची धाकटी, आजार लिसिआतेचाच. आता तेल चोळतात.

"दर महिन्याला टोचून तुझा पोरगा वाचला का?"

त्याचा आजारच उशिरा कळला, हे त्यांना ठाऊक नाही होय!

माझा नवरा सेमिसी म्हणाला, "ताईसमोर मी तोंड उघडू शकत नाही. तूही उघडू नकोस." बापाने मान खाली घातली की झालं.

१९ मार्च

पोरीला ताप. गुडघे सुजलेले — तस्सेच.

तिने मला विचारलं, "मामी, दादा खरंच बोलतो फोनमध्ये?"

"नाही गं. दादाला मी माझ्या हातांनी न्हाऊ घातलं, कपडे चढवले, मातीत ठेवला."

वन्सं किंचाळल्या. मी पोरीला उचलून गाडीत घातलं. सगळं गाव बघत होतं. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस!" नाही टाकणार. गाडी सेमिसीने चालवली — बहिणीकडे न बघता.

२ एप्रिल

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, झडप शाबूत आहे, वेळेत आणलंत.

वन्सं वॉर्डच्या दारात उभ्या. मग फोन पुढे केला. "तक्रार कुठून करायची, दाखव. ऑकलंडच्या सगळ्या नातेवाइकांना करायला लावते. माझं ऐकतील."

माझा हात धरला त्यांनी.

७ एप्रिल

गेली जाहिरात! वन्सं प्रार्थनेनंतर उभ्या राहून बोलल्या. "फोन म्हणतो म्हणून मेलेला उठत नाही. तो आमचा लिसिआते होता, आणि तो गेला." बायका रडल्या. मला रडू आलं नाही.

११ एप्रिल

वन्सं आल्या, तशी मी फोन उशीखाली सरकवला. सकाळपासून शोधतेय, ते तेलवाले दुसऱ्या नावाने कुठे आलेत का. तक्रारीसाठी नाही. एकदाच, हसताना बघायचंय त्याला.