मला आठवणारे वास कुणाचे?

आई,

परवा डॉक्टरांनी सांगितलं की मला वास येत नाही. हल्ली येईनासा झालाय असं नाही, जन्मापासूनच येत नाही. मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि अर्धं आयुष्य सहावीच्या मुलांना ज्ञानेंद्रियं शिकवण्यात गेलंय. डोळा पाहतो, कान ऐकतो, नाक वास घेतं, हे फळ्यावर लिहिताना एकदाही माझा हात अडखळला नाही. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून शाळेत माझी ख्याती, आणि त्या नाकाचाच हा असा कारभार.

झालं ते असं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पाठमोरा बसून पेपर वाचत होतो. शेगडीवरचं दूध उतू जाऊन गॅस विझला आणि बटण चालूच राहिलं. समोरच्या वहिनी दार ठोकत आल्या, "अहो सर, लिफ्टपर्यंत वास येतोय, करताय काय तुम्ही?" मी म्हटलं, कसला वास? त्यांनीच आत येऊन बटण बंद केलं. मग बायकोने मला परळला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, माझी विद्यार्थिनी शोभेल अशी. तिने पडद्यावर दाखवलं, की नाकाच्या छताशी चाळणीसारखं बारीक भोकांचं हाड असतं, त्यातून वासाचे मज्जातंतू वर जातात आणि मेंदूच्या तळाशी दोन छोट्या कंदांना मिळतात. "सर, तुमचे हे कंद जवळजवळ नाहीतच." मी वाद घातला. मला फोडणीचा वास आठवतो, कापराचा आठवतो, बामचा आठवतो. ती म्हणाली, फोडणीने ठसका लागतो, कापूर आणि बाम गार लागतात, ते काम चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेचं, तो वास नव्हे. जिभेलाही गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. आपण ज्याला चव म्हणतो तो बराचसा वासच असतो. मग मी इतकी वर्षं जेवलो काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. ती मात्र सहज म्हणाली, "काही जणांना कळतच नाही सर. आजूबाजूचे बोलतात त्यावरून माणूस शिकत जातो. तुमच्या घरी वासाबद्दल कुणी खूप बोलायचं का?"

आणि तिथे, त्या थंडगार खोलीत, तू आलीस.

लालबागच्या दोन खोल्यांत तू खाणावळ चालवतेस. मी सात-आठ वर्षांचा आहे. पहिल्या पाळीचे गिरणीकामगार भिंतीला टेकून पंगतीला बसलेत आणि मी डाळ वाढत सुटलोय. ती सकाळपासून उकाड्यात राहून आंबलेली आहे, हे मला सोडून सगळ्यांना कळतं. पहिल्याच माणसाने ताट पुढे सारलं. बाबा अंगावर धावून आले, "नाक काय गहाण ठेवलंस?" तू मध्ये पडलीस. सगळे गेल्यावर माझं तोंड दोन्ही हातांत धरून निरखून बघितलंस. त्या दिवसापासून तुझी बडबड सुरू झाली. "झिला, खोबरां भाजतंय, गोडसर वास येता." "बांगडो ताजो आसा, समुद्राचो वास येता." "भात लागलो, करपट वास येता." मी हो हो म्हणायचो, आणि खरंच यायचा, आई. तू म्हटलंस की मला यायचा. मासळीबाजारात तू मला कल्ला उघडून आतला लाल रंग बघायला शिकवलंस, अंगठ्याने दाबून बघायला शिकवलंस, दूध फाटलं की नाही ते चमचाभर तापवून बघायला शिकवलंस. शिळं अन्न माझ्या हातून पुन्हा कुणाच्या ताटात गेलं नाही.

म्हणजे तू ओळखलं होतंस. ओळखलंस, आणि कुणालाही न सांगता मला शब्दांचं नाक लावून दिलंस. हा विचार आला तेव्हा मला घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं. राग येतोय की तुझे पाय धरावेसे वाटतायत, हेही कळत नव्हतं. एकदा तरी सांगायचंस ना.

पण मग मी माहीमला ताईला फोन केला आणि सगळाच घोळ झाला. ताई म्हणाली, "वासाबिसाचं आई माझ्याशी कधी बोलली नाही रे. उलट देवाचं पान वाढायच्या आधी वास घ्यायचा नाही, उष्टं होतं, म्हणून डोक्यात टपली मारायची." तिथवर ठीक. पुढे म्हणाली, "मला विचारशील तर वास आईलाच येत नसणार. आठव, भात करपून कोळसा झाला तेव्हा शेजारची मावशी धावत आली होती. आई तिथेच तर तांदूळ निवडत बसली होती." आठवलं. तू टोपाचं झाकण काढून कधी हुंगलं नाहीस, हेही आठवलं. देवाला दाखवायच्या आधी वास घ्यायचा नाही, हा तर घरोघरचा नेम; त्याच्याआड तुझं नाक आयुष्यभर झाकून गेलं असेल, तर ते कुणाला कळणार? तुझ्या सोवळ्याचं लोक कौतुक करायचे. कल्ले, अंगठा, चमचाभर दूध या युक्त्या तू माझ्यासाठी शोधल्यास, की त्या तुझ्याच होत्या? घराण्यात असू शकतं, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या.

माझं डोकं चालेनासं झालंय. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, तुझा धड एक फोटो नाही, लालबागच्या त्या दोन खोल्याही उरल्या नाहीत. माझ्याजवळ तुझे म्हणून आहेत ते हे वासच. तुला ते येत असतील, तर निदान तुझ्या नाकाचं काहीतरी माझ्याकडे आहे. तुलाही येत नसतील, तर तू मावशीचं ऐकून मला सांगितलंस आणि मी तुझं ऐकून जगलो. मग तो खोबऱ्याचा वास खरा कुणाला आला, सांग मला.

काल जेवताना लेकीने माझी परीक्षा घेतली. डोळे बांधून एकेक घास भरवत होती. चिंच ओळखली, जिरं आणि ओवा दोन्ही चुकलो. ती हसत होती, मीही हसलो. मग एकदम म्हणाली, "पप्पा, आजीच्या अंगाला कसला वास यायचा?"

तिने तुला पाहिलेलं नाही. मी सांगायला हवं होतं की बाळा, मला काय माहीत. पण मी क्षणभरही थांबलो नाही. म्हटलं, ओल्या नारळाचा. धुतलेल्या तांदळाचा. आणि पदराला मिरचीचे हात पुसायची, त्याचा. तिने डोळे मिटून श्वास आत घेतला आणि म्हणाली, "हां, आला."