रामेश्वर नव्हे, वालपराई

कळमनुरी,
३ मार्च २०२५

गं. भा. धुरपताबाई हिस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून तुझ्या मोहिनीनं दिलेल्या पत्त्यावर लिहून राहिलो. दाजींचं वर्षश्राद्ध होऊन महिना न्हाई, अन् तू लेकीनं काढलेल्या सहलीसंगं तिकडं तमिळनाडूत वालपराईच्या डोंगरात पाखरं बघायला? काहून? भावकीला मी सांगून टाकलं, धुरपता रामेश्वरला गेली. तेवीस तारखेला इथं यात्रेचं मावंदं घालू, भावकीला जेवण देऊ. बाया पाया पडतील. तेवढा अंगारा कुठूनतरी घेऊन ये.

तुझी मेंढरं बराबर हायेत. पायांना जप, अन् भावाच्या अब्रूलाही.

मसाजी

वालपराई,
११ मार्च २०२५

ती. दादास, धुरपताचा सा. न. वि. वि.

अंगारा आणणार न्हाई. रामेश्वर मी पाहिलंच न्हाई.

इथले कॅमेरेवाले माझ्या लुगड्याला हसले अन् भराभरा पुढं गेले. चाळीस वर्षं मेंढरामागं उभी राहिलेली मी, तिथंच उभी राहिले. तर ओंजळीएवढं काळं फुलपाखरू, खालचे पंख हळदीसारखे, माझ्या पदरावर येऊन बसलं. हसणारे धावत माघारी आले.

काल धनेश पक्षी पाहिला. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेती, नर फटीतून फळं भरवतो. वाटाड्या म्हणाला, दिवस भरले की भिंत तीच फोडती. यांच्या अर्धांगवायूत नऊ वर्षं मी उंबऱ्याआड काढली. राजीखुशीनं काढली. पण दिवस भरले, दादा.

मावंदं घातलंत तर भरल्या पंगतीत खरं सांगीन. पंचफुलावहिनीला नमस्कार. माया असू द्या, खोटं नको.

तुमची धुरपता

कळमनुरी,
२६ मार्च २०२५

चि. धुरपतास आशीर्वाद. वि. वि.

मावंदं झालं, तू सासरी पुसेगावला परतलीस. वाटलं होतं, माणसं बघून गप बसशील. तर पंगतीत उभी राहून म्हणालीस, देवाला न्हाई, पाखरांना गेले होते. दोन म्हाताऱ्यांनी पानं सारली. माझी मान खाली.

पण बाया उठल्या न्हाईत. वरण निवून गेलं तरी तुला त्या ढोलीतल्या मादीचं विचारून राहिल्या.

आता घरचं ऐक. तुझ्या वहिनीनं पुढच्या मार्चच्या पाखरांच्या सहलीसाठी मोहिनीकडं नाव दिलंय. मी परवानगी दिलेली न्हाई.

तिनं मागितलीच न्हाई.

रागावलेला, तरी तुझाच,
मसाजी