बाहेरच्या पडद्यावरील सुरकुत्या

९ फेब्रुवारी २०२५

डॉ. तारामती नागनाथ सोनकांबळे, आज माझ्याकडे तुझ्या नावाची मागणी झाली. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला न आलेले विभागप्रमुख माथुर आज प्रताप नगरला घरी आले. त्यांचा शोधनिबंध छापला जात आहे. लेखकांमध्ये तुझे नाव घालायचे, पुढे क्रूसाची खूण — दिवंगत लेखकासाठी ती प्रथा आहे म्हणे. त्याकरिता कुटुंबाची संमती हवी.

"भाईसाहब, मॅडम का नाम अमर हो जाएगा."

याच निबंधातून तू स्वतः नाव काढून घेतले होतेस. त्यानंतर वर्षभर तुझे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे जाऊ दिले नाहीत, तेही याच गृहस्थांनी. मी चहा विचारला नाही.

१० फेब्रुवारी

प्रज्ञाचा बंगळुरूहून फोन. "पप्पा, करून टाका ना साइन. मम्मीने एवढी मेहनत केली, मतलब… कुठेतरी नाव तर राहील."

तूच नकार दिला होतास, असे मी तिला सांगितले.

"तुम्हाला त्या सरांचा राग आहे, बस."

आहे. त्यासाठी कन्येची परवानगी घेण्याचे कारण नाही.

१४ फेब्रुवारी

मी रेल्वेच्या सिग्नल विभागातील माणूस. जे समजले ते येथे नीट मांडतो. जंतू ओळखण्याच्या ‘ग्राम’ नावाच्या रंगचाचणीत जे जंतू गुलाबी दिसतात, त्यांच्या भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो. माथुरांचा दावा — नव्या औषधाने त्या पडद्यावर सुरकुत्या पडतात. तुझा आक्षेप — छायाचित्रासाठी जंतूंमधील पाणी काढताना त्यांना आधी सौम्य, मग क्रमाने कडक अल्कोहोलमध्ये ठेवावे लागते. माथुरांनी घाईने थेट कडक अल्कोहोल वापरले; सुरकुत्या त्यानेही पडू शकतात. शिवाय औषध न दिलेल्या जंतूंचे छायाचित्र काढलेच नाही. ते गुळगुळीत असतात हे पुस्तकात आहेच की, म्हणे.

"सर, सांगरीची शेंग वाळली की सुरकुतते. तिला कोणते औषध पाजलेले असते?" तू भर बैठकीत विचारलेस. सगळे हसले, माथुर सोडून.

घरी आल्यावर मात्र मला म्हणालीस, "अहो, सुरकुत्या खोट्या आहेत असं मी कुठं म्हणते? मला माहीत नाही, एवढंच. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघावं, मग सही करते."

त्यांनी बघितले नाही. तू गेलीस.

१८ फेब्रुवारी

मालवीय नगरला महाविद्यालयात जाऊन तुझी खोली आवरण्यास आरंभ केला. तुझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी मोनाली तेथे होती — साताऱ्याची, वडील येथे लष्करात.

"काका, मॅडमचे जंतू फ्रीझरमध्ये अजून जिवंत आहेत. माथुर सर टाकून द्या म्हणालेत. त्याआधी मी करते ना — औषधाचे आणि बिनऔषधाचे, दोन्ही एकाच दिवशी, सावकाश वाळवून."

मी होकार दिला.

"आणि उलटं निघालं तर?"

"निघणार नाही," मी म्हणालो. तुझ्या खुर्चीवर बसून म्हणालो.

२६ फेब्रुवारी

नमुने सूक्ष्मदर्शकाकडे गेले; माझी सही हवी असल्याने माथुरांनी या वेळी अडवले नाही. आज भाजीत मीठ घालण्यास विसरलो. तक्रार करण्यास कोणी नव्हते.

४ मार्च

माथुरांना द्यावयाचा नकार मनात जुळवून ठेवला आहे. त्यात एकही अपशब्द नाही. छायाचित्रे समोर ठेवीन आणि मग बोलेन. त्यांचा चेहरा पाहण्याची इच्छा होते, हे लिहून ठेवतो. तुला हे आवडले नसते. न आवडो.

७ मार्च

मोनालीने छायाचित्रे टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे पाहत राहिली. औषध न दिलेले जंतू सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत. औषध दिलेल्यांच्या पडद्यावर सुरकुत्या. दोन्ही सावकाशच वाळवलेले.

"काका, परत एकदा करू?"

"उत्तर आवडलं नाही म्हणून मॅडमनी असं विचारलं असतं का?"

ती रडू लागली.

माथुरांसमोर संमतीवर सही केली. ही जोडचित्रे मोनालीच्या नावासह छापावीत, एवढी अट घातली. "ज़रूर, ज़रूर," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. तुझ्या खोलीला कुलूप लावले. किल्ल्या त्यांच्याच हाती परत दिल्या.