साहेबांच्या कोटातला फोटो

प्रति,
मा. प्रमुख,
करिअर मार्गदर्शन कक्ष,
विद्यापीठ, मुख्य इमारत, तळमजला,
झेरॉक्सच्या खोलीशेजारी.

विषय : 'इतिहासातील पदवी आणि पुढील संधी' या फलकावरील अर्जदाराचे छायाचित्र काढून न टाकणेबाबत.

संदर्भ : १) सदर छायाचित्र काढून टाकावे, अशी विनंती करणारे अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) ती विनंती मान्य केल्याचे आपले कालचे पत्र.

महोदय,

विषय आणि संदर्भ एकापाठोपाठ वाचल्यास अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही, असे आपणास वाटेल. तसे वाटले तरी हरकत नाही. परंतु अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. अर्जदार आपल्याच विद्यापीठाचा इतिहासाचा पदवीधर असून शहरातील वस्तुसंग्रहालयात हंगामी परिचर आहे. तिकिटे फाडणे, काचा पुसणे, "हात लावू नका" असे दिवसभर म्हणणे आणि संध्याकाळी दिवे मालवणे, हे त्याचे काम. आपल्या फलकावर मात्र तो काळा कोट घालून, नाण्यांच्या कपाटावर एक हात ठेवून उभा आहे आणि खाली 'आमचे यशस्वी माजी विद्यार्थी, वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक' असे छापले आहे. अभिरक्षक म्हणजे तिथले मुख्य साहेब. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरे काय.

२. हे कसे झाले ते याआधी तीनदा कळवले आहे, तरी पुन्हा लिहितो. आपला छायाचित्रकार आला तेव्हा साहेब जेवायला गेले होते. "उजेड बघायचाय, जरा उभे राहा," असे तो अर्जदारास म्हणाला. मग म्हणाला, "पांढऱ्या शर्टाची काचेत चमक येते. खुंटीवरचा तो कोट चढवा." कोट साहेबांचा होता. कळ दाबता दाबता त्याने विचारले, "तुम्ही इतिहासच केलाय ना?" अर्जदार हो म्हणाला. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ते विचारले होते, म्हणून जरा ताठ मानेने म्हणाला. तेवढ्या 'हो'वर फलक छापून आला आणि त्याच्या घडीच्या पत्रिका शाळाशाळांतून वाटल्या गेल्या. खुद्द साहेब वनस्पतिशास्त्राचे असल्याने ते आपल्या उपयोगाचे नव्हतेच.

३. त्यानंतर अर्जदाराचे जे झाले ते शत्रूचेही होऊ नये. आईबाप मुलांना घेऊन तिकिटाच्या खिडकीशी येतात, "अभिरक्षक साहेब कुठं भेटतील?" असे विचारतात आणि मग तिकीट फाडणाऱ्या हाताकडून वर चेहऱ्याकडे बघतात. एका गृहस्थांनी तर तिकीट परत केले. साहेबांनी सर्वांसमक्ष "आयत्या बिळावर नागोबा!" असे म्हटले आणि तेव्हापासून कोट कपाटात, कपाटाला कुलूप. घरी अर्जदाराची बहीण शिवणकाम करते. ती माप घेता घेता प्रत्येक बाईला सांगते, "आमचा दादा संग्रहालयात मोठा अधिकारी आहे." अर्जदार आतल्या खोलीत बसून ते ऐकतो. त्याला मेल्याहून मेल्यासारखे होते.

४. पहिल्या अर्जावर आपण कळवले की छायाचित्र ही कक्षाची मालमत्ता आहे. दुसऱ्यावर कळवले की इतिहासाच्याच क्षेत्रात नोकरीला लागलेला दुसरा माजी विद्यार्थी आणून दिल्यास बदल करता येईल. अर्जदाराने वर्गमित्र धुंडाळले. एक न्हाणीघराच्या फरश्या विकतो. एक शाळेची बस चालवतो. एक वर्गमैत्रीण शिक्षिका आहे खरी, पण शाळेत माणूस नाही म्हणून गणित शिकवते. एकजण सहलींबरोबर वाटाड्या म्हणून हिंडतो आणि इतिहासच सांगतो, पण त्यातला निम्मा त्याच्या पदरचा असतो, असे त्यानेच सांगितले. यातला एकही आपण ग्राह्य धरला नाही. तेव्हा अर्जदाराने तिसरा अर्ज केला आणि त्यात 'भीक नको पण कुत्रा आवर' हे शब्द वापरले. ते असभ्य वाटले असल्यास क्षमा असावी.

५. आता मूळ दुखणे. बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. वडील नाहीत, तेव्हा पालक म्हणून सही अर्जदाराची. गुण असे की कोणतीही शाखा मिळावी. आणि तिने इतिहास धरला. "मामा, तू झालास की," म्हणाली. तेव्हा अर्जदाराने खरे सांगून टाकले, की मी परिचर आहे, कोट माझा नव्हे. ती म्हणाली, "हे झालं तोंडी साधन. छापील काय म्हणतं? पुरावा आण." अर्जदाराने दुसऱ्या दिवशी ओळखपत्र आणून तिच्यापुढे ठेवले. तिने त्याकडे पाहिलेही नाही. शिवणयंत्राच्या खणातून शाळेत मिळालेली फलकाची पत्रिका काढली, शिंप्याचा खडू घेतला आणि फोटोवर बारीक रेघ मारली. "खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. बाही बोटांपर्यंत आलीय. माणूस स्वतःच्या कोटात असा उभा राहत नाही, मामा. मला फोटो आला त्याच दिवशी कळलं होतं. आईला माझ्याही आधी."

बहीण यंत्रावरच होती. तिने पाय थांबवला नाही. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, दादा," एवढेच म्हणाली. अर्जदार त्या दिवशी जेवला नाही. रागाने नव्हे. ज्या दोघींपासून लपायचे त्या दोघी आपल्याला इतके दिवस झाकत होत्या, हे गळ्याखाली उतरेना.

६. मग भाचीने आपला बेत दाखवला. कपडा बेतायच्या खाकी कागदाच्या मागे तो तिने आखला आहे. इतिहासाबरोबर पुरातत्त्व हा जोडविषय. पुढच्या वर्षी एक जुनी लिपी. सुट्टीत अभिलेखागारात बिनपगारी काम. पदवीनंतर वस्तुसंग्रहालयशास्त्र. ते संपेल त्याच वर्षी अर्जदाराचे साहेब निवृत्त होतात, हेही तिने काढून ठेवले आहे. "त्या जागेवर मी बसणार. आणि तू मला चहा आणून द्यायचा नाहीस, आधीच सांगते." बहीण हसली. अर्जदारही हसला. हसण्यावाचून त्याच्या हाती काही नव्हते, कारण कोट कपाटात ठेवताना साहेबच एकदा म्हणाले होते, "माझ्यानंतर ही खुर्ची कुणाला मिळणार नाही. पदच बंद करतायत." हे तिला सांगायचे अर्जदार रोज ठरवतो. चहा होतो, जेवण होते, सांगायचे तेवढे राहते.

७. अशात काल आपले पत्र आले. छायाचित्र काढण्यास मान्यता. तथापि ते काढल्यास इतिहासाच्या रकान्यात एकही नोंद उरत नाही. सबब विभागाचे यंदाचे प्रवेश थांबवून आलेले अर्ज वाणिज्य शाखेकडे वर्ग करण्यात येतील. छायाचित्र ठेवायचे झाल्यास ते संगणकावर नीटनेटके करून घेतले जाईल. उलट टपाली कळवावे.

महोदय, अर्जदाराने ते पत्र खिशात घालून घरी नेले. गप्प बसला असता तर त्याच्या मनासारखे झाले असते. मुलगी वाणिज्य शिकली असती, चार लोकांसारखी कुठेतरी चिकटली असती, आणि मामाने काही केले असेही कुणी म्हटले नसते. असा आयता मार्ग माणसाला जन्मात एकदा मिळतो. पण घरात शिरला तेव्हा ती आईने दुरुस्तीला काढलेल्या जुन्या झग्याची उसवण बघत बसली होती. "मामा, हा दोनदा सैल केलाय. आधी कुणा बारीक बाईचा असणार." अर्जदारास पदवीच्या सगळ्या वर्षांत जे आले नाही, ते या मुलीला चिंध्यांत बसून येते. तिला वाणिज्यात ढकलायला अर्जदाराचा हात उचलला नाही. इतिहासात ढकलायलाही उचलत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ती खाकी कागद घेऊन उभी आहे. पालकाची सही अर्जदाराने काल केली.

८. तरी विनंती की,

अ) पूर्वीचे तिन्ही अर्ज रद्द समजावेत व छायाचित्र खालच्या ओळीसह फलकावर कायम ठेवावे. लोकांनी खिडकीशी येऊन काय म्हणायचे ते म्हणावे.

आ) अभिरक्षकाचे पद बंद होऊ नये म्हणून आपणास कुठे शब्द टाकता येत असल्यास टाकावा. हे आपल्या अखत्यारीत नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे. कुणाच्या अखत्यारीत आहे ते ठाऊक नाही, म्हणून आपणास लिहिले.

इ) छायाचित्र नीटनेटके करू नये. विशेषतः बाह्या आखूड करू नयेत. फलकावर खरे असे तेवढेच आहे, आणि ज्या मुलांना ते दिसेल त्यांनाच पुढे इतिहास जमणार आहे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार
फलकावर अभिरक्षक, प्रत्यक्षात हंगामी परिचर

दिनांक : आपले पत्र मिळाल्याचा दुसरा दिवस.

सोबत : १) परिचराच्या ओळखपत्राची प्रत.
२) फलकाची घडीची पत्रिका. बाहीपाशी खडूची रेघ आहे ती भाचीची. कृपया पुसू नये, पत्रिका तिला परत हवी आहे.